शनिवारची माणसं

सरोजिनी नगरच्या बाजारात ओळीनं टांगलेल्या कुडत्यांच्या आड रुचिता लपली, आणि ती लपली हे वीणाला दिसलं. झालं ते एवढंच. मार्चमधली दुपार होती, ऊन अजून बोचत नव्हतं, आणि वीणा धाकट्या भावासाठी, नाथसाठी, शर्ट बघत होती. नाथचा शर्ट घेणं हे एक कामच असतं. पोटाला बसतो तो शर्ट बाह्यांना वीतभर लांब होतो, मग त्या घरी कापून शिवाव्या लागतात. 'ले लो आंटी, लास्ट पीस है' म्हणत दुकानदार शर्ट नाथच्या पाठीला लावून दाखवत होता, नाथ छाती फुगवून उभा होता, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे वीणाला रुचिता दिसली. रुचितानंही ओळखलं. वीणाचा हात आपोआप वर जायला लागला. तेवढ्यात तो चेहरा मागे सरला, कुडत्या हलल्या, आणि कपड्यांच्या खाली पांढऱ्या बुटांतले दोन पाय तेवढे जागच्या जागी उभे राहिले.

लोकांनी तोंड फिरवणं वीणाला नवं नव्हतं. नाथ जन्मला तेव्हा ती शाळेत जाणारी मुलगी होती. तेव्हापासून ती हे बघत आली होती. आई नाथला कडेवर घेऊन डीटीसीच्या बसमध्ये बसली की शेजारची बाई आपलं मूल अलगद दुसऱ्या मांडीवर घ्यायची. वडील, सुधाकर देवस्थळी, केंद्र सरकारच्या नोकरीत पुण्याहून दिल्लीला आलेले, अतिशय सभ्य माणूस. घरी कुणी यायचं असलं की ते नाथला आतल्या खोलीत पत्ते घेऊन बसवायचे आणि दार लोटून घ्यायचे. लाज वाटायची म्हणून नव्हे. 'पाहुण्यांना अवघडायला नको,' असं ते म्हणायचे, आणि ते खरंच तसं समजत असत. आईवडील गेले, क्वार्टर वीणाच्या नावावर झालं, वीणा स्वतः सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्तीला आली, नाथचे केस पांढरे झाले, आणि या सगळ्या काळात समोरच्या माणसाची मान वळायच्या आधीच ती वळणार हे वीणाला कळायला लागलं होतं. त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मग आज काय झालं? आज ते का लागलं? रुचिता अनोळखी नव्हती म्हणून. रुचिता शनिवारच्या माणसांतली होती.

शनिवारची माणसं हा वीणाचाच शब्द. शनिवारी दुपारी एका शाळेच्या मैदानावर स्काउटचं पथक भरायचं. साधं पथक नव्हे. त्यातले स्काउट सगळे नाथसारखे किंवा नाथपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं वेगळे. कुणी बोलत नसे, कुणी एकच वाक्य दिवसभर बोलत असे, चैतन्य नावाचा उंच, देखणा मुलगा शिट्टी वाजली की वारा प्यायल्यासारखा पळत सुटे. वयानं सगळ्यात मोठा नाथ. निवृत्त पीटी शिक्षक अरोरासरांनी हे पथक सुरू केलं, आणि वीणा पहिल्यांदा गेली ती नुसती नाथला पोचवायला. तिथं तिनं बघितलं की शर्टाचं बटण न लावता येणारा नाथ तंबूचा खुंटा बरोबर कलता ठोकतो. त्या संध्याकाळी तिनं दोनदा चहा करून प्यायला होता, आनंदानं, एकटीनंच. मग ती पथकाचीच झाली. पण एकेका स्काउटजवळ कुणीतरी लागे. दोर धरायला, रस्ता ओलांडायला, नुसतं शेजारी बसायला. 'मैडम, बच्चे तो हैं, हाथ कम हैं,' अरोरासर म्हणायचे. केस पिकलेला नाथसुद्धा त्यांच्या लेखी बच्चाच. आणि ते हात शोधून आणण्याचं काम हळूहळू वीणाच्या गळ्यात पडलं.

सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या बाईला मागायची सवय नसते. ती वीणानं लावून घेतली. रविवारी सकाळी गुरुग्रामच्या टोलेजंग सोसायट्यांच्या दारात जाऊन ती घडीचं टेबल मांडायची. गेटवरचा गार्ड विचारायचा, 'कौन से फ्लैट में जाना है?' आणि ती सांगायची, कुठल्याच नाही. ट्रॅकसूट घातलेली, कानात इअरफोन असलेली माणसं थांबायची, चांगली असायची, मान डोलवायची. 'आंटी, आप बहुत बड़ा काम कर रहे हो,' असं कुणी म्हटलं की हा काही येत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. कंपन्यांची माणसं एकदाच येत, सारखे टी-शर्ट घालून, बॅनर लावून, फोटो काढून. कॉलेजची मुलं प्रमाणपत्र मिळेपर्यंत येत. काही जण पहिल्याच दिवशी मैदानाच्या कडेला जाऊन रडत. तेही परत येत नसत. वीणा कुणालाच दोष देत नसे. शनिवार हा माणसाचा स्वतःचा वार असतो, तो दुसऱ्याला का द्यावा? पण नाथ प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवायचा. येऊन गेलेल्या, न आलेल्या, कॅनडाला गेलेल्या सगळ्यांचं. मैदानावर पोचलं की तो एकेकाचं नाव घेऊन विचारायचा, आणि वीणा सांगायची, पुढच्या शनिवारी.

रुचिता मात्र आपण होऊन आली होती. दिवाळीच्या आधी, असंच एका सोसायटीच्या दारात, वीणा टेबलाची घडी घालत असताना. 'तुम्ही मराठी का? फोनवर बोलत होतात ना,' तिनं विचारलं. कोथरूडची, लग्न होऊन गुरुग्रामला आलेली, नवरा अनुराग आणि ती दोघंही आयटीत. तिनं पत्रक नीट वाचलं, पत्रकावरचा नाथचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, 'मी येते शनिवारी.' तेव्हा त्या बघण्याचं वीणाला किती बरं वाटलं होतं! आणि ती आली. मेट्रोनं, मग ऑटोनं, पांढरे बूट धुळीत घालत. त्याच दिवशी चैतन्य पळाला. बाकीचे सगळे आरडाओरडा करत त्याला धरायला धावले. रुचिता त्याच्या शेजारून पळायला लागली. धरलं नाही, हाक मारली नाही, नुसती बरोबर पळत राहिली, आणि मैदानाला वळसे घालून घालून तो थांबला तेव्हा तीही थांबली, आणि दोघं धापा टाकत एकमेकांकडे बघून हसली. 'ये लड़की टिकेगी,' अरोरासर म्हणाले. नाथनं तिला स्काउटचं डाव्या हाताचं हस्तांदोलन शिकवलं. ती उजवा पुढं करायची, तो डोकं हलवून तो बाजूला सारायचा.

मग एका शनिवारी ती कडुनिंबाखाली ओकताना वीणाला दिसली. वीणानं पाठीवरून हात फिरवला आणि काही न विचारता तिला समजलं. 'ऑफिसमध्ये बाळाचं अजून सांगितलं नाहीये, ताई,' रुचिता म्हणाली. नाथ तिथंच होता. त्याला बाळ हा शब्द पुरेसा झाला. पुढच्या वेळेपासून तो घरातून एक संत्रं खिशात घालून आणायचा आणि कुणाला न दाखवता तिच्या हातात द्यायचा; चेपलेलं, कोमट झालेलं संत्रं. ती ते तिथंच सोलून खायची. आणि वीणाला प्रश्न विचारायची. नाथदादा बोलायला कधी लागले? चालायला? हृदयाचं काही निघालं होतं का? दाढी कोण करतं? आजारी पडले तर सांगता येतं का त्यांना, कुठं दुखतं ते? वीणाला नवल वाटायचं. इतकी वर्षं माणसं येत होती, पण एवढं कुणी विचारलं नव्हतं. लोकांना नाथ कोण आहे यापेक्षा नाथला काय झालंय यातच रस असायचा. ती भरभरून सांगायची. एकदा ती नाथच्या बुटाची नाडी बांधत होती, मान आणि खांद्यात फोन धरून अरोरासरांशी बोलत होती, आणि फोन संपल्यावर रुचिता म्हणाली, 'ताई, तुम्ही थकत नाही?' 'थकायला वेळ कुठंय गं,' वीणा म्हणाली. हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. लोक त्यावर हसायचे. रुचिता हसली नव्हती.

जानेवारीत पथकाचं शिबिर ठरलं होतं. पानिपतजवळ एका शाळेत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी काला अंबला, लढाईच्या स्मारकावर. इथल्या एका मराठी मंडळानं बस द्यायचं कबूल केलं होतं. मुक्काम म्हणजे हात जास्त हवेत. रुचितानं स्वतःचं आणि अनुरागचं नाव दिलं होतं, आणि त्या दोन नावांवर सगळा हिशेब बसला होता. नाथनं कितीतरी आधीपासून बॅग भरून ठेवली होती. डिसेंबर लागला आणि रुचिता यायची थांबली. मेसेज तिनं बघितल्याचं दिसायचं, उत्तर यायचं नाही. शेवटी अनुरागचा मेसेज आला: रुचिताची तब्येत बरी नाही, प्लीज थोडे दिवस मेसेज करू नका. वीणानं मनाशी धरलं की डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं असेल. पहिलटकरीण, इतकं धावलीय मैदानावर. तिलाच अपराध्यासारखं झालं. रोज देवापुढं दिवा लावताना ती रुचिताचं नाव घ्यायची. नवीन माणसं मिळाली नाहीत, थंडीत कुणी यायला तयार होईना, आणि अरोरासरांनी शिबिर रद्द केलं. नाथ बॅग रिकामी करू देईना. हवा तो कपडा तो त्या बॅगेतून काढायचा आणि धुऊन आला की परत त्यातच ठेवायचा.

आता ते पांढरे बूट कुडत्यांखाली उभे होते. वीणानं मनातल्या मनात महिने मोजले. आता तिचं पोट दिसायला हवं होतं, चांगलं मोठं. त्या क्षणभरात दिसलेली रुचिता तर सडपातळ होती, निळ्या कुडत्यात, आधीपेक्षा बारीकच. म्हणजे राहिलं नाही. बिचारी. म्हणून लपली. वीणानं ठरवलं की इथून निघून जावं. आपण पाहिलंच नाही असं दाखवावं. तिनं शर्ट खाली ठेवला, नाथचा हात धरायला गेली, तर नाथ तिथं नव्हता. तोही बघत होता तर! तो त्या कुडत्यांपाशी पोचला होता, आणि पडदा सारावा तसे त्यानं दोन्ही हातांनी कपडे सारले.

'सापडली!' नाथ ओरडला. 'रुचिताताई सापडली!'

त्याला तो लपंडाव वाटला होता. आनंदानं त्याचं तोंड फुललं होतं. त्यानं डावा हात पुढं केला. रुचितानं त्याच्याकडे बघितलं, वीणाकडे बघितलं, आणि डावा हात दिला. नाथ तो हात बराच वेळ हलवत राहिला. मग त्याची नजर खाली गेली.

'बाळ? बाळ झालं?'

'नाही, नाथदादा,' रुचिता म्हणाली. 'बाळ नाही आलं.'

'कधी येणार?'

'नाही येणार आता.'

नाथनं विचार केला. 'पुढच्या शनिवारी,' तो म्हणाला, आणि समजूत काढल्यासारखं तिच्या मनगटावर थोपटलं. रुचिताचा चेहरा पिळवटला. वीणा तिला दंडाला धरून शेजारच्या जूसवाल्याकडे घेऊन गेली. तिथं मागं दोन बाकं होती. नाथसमोर मोसंबीच्या रसाचा मोठा पेला आला, आणि त्याचं सगळं लक्ष नळीत गेलं.

'होतं असं,' वीणा म्हणाली. 'तू लहान आहेस अजून. शरीर काय, पुन्हा—'

'ताई, तसं नाही झालं.' रुचिता बाकाच्या कडेवरून बोट फिरवत होती. 'मी तुमच्याकडे आले ना, सोसायटीत, तेव्हा पहिला रिपोर्ट आलेला होता. ते म्हणाले, शक्यता आहे, अजून एक टेस्ट करू. मग ती पण केली. ती पण तशीच आली.'

'कसला रिपोर्ट?'

रुचितानं फक्त नाथकडे बघितलं. पेल्यातला रस संपत आल्यामुळे नळीचा आवाज येत होता आणि नाथला तो आवाज आवडत होता.

वीणाला आधी काहीच वाटलं नाही. बाजाराचा गलका ऐकू येत राहिला, कुणीतरी हँगरचा गठ्ठा खाली टाकला. मग एकेक शनिवार उलटा होऊन तिच्यापुढं यायला लागला. पत्रकावरचा फोटो बघणारी रुचिता. दाढी कोण करतं? कुठं दुखतं ते सांगता येतं? म्हणजे ती मदतीला आलीच नव्हती. ती बघायला आली होती. मुलगी बघायला येतात तशी. आणि नाथला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की आपल्याला कुणी बघतंय, आपल्यावर काही अवलंबून आहे. तो आपला संत्री आणत राहिला. निदान कुणी सांगायचं तरी होतं. तिनं त्याला चांगला शर्ट घातला असता. तिला एकदम ती दुपार आठवली, नाथचं पोट बिघडलं होतं आणि मैदानावरच त्याची पँट खराब झाली होती, आणि पाण्याची बादली रुचितानंच आणून दिली होती.

'तो शनिवार का?' वीणानं विचारलं. आपला आवाज तिला ओळखू येईना. 'त्याचं पोट बिघडलं होतं तो? एरवी असं कधी होत नाही गं त्याला. वर्षातून एखाद्या वेळी.'

'नाही हो ताई! नाही!' रुचिता रडायला लागली. 'मी घरी जाऊन अनुरागला सांगायचे, अरे, किती गोड आहेत ते, आपल्याला जमेल यार. खरंच सांगायचे. मी त्यांना बघायला आले होते. पण मग मी तुम्हालाच बघत बसले.'

'मला?'

'तुम्ही बसत नाही, ताई. आम्ही सगळे चहा प्यायचो तेव्हा तुम्ही उभ्या असायच्या. कुणाशी बोलत असलात तरी डोळे त्यांच्यावर. मी किती शनिवार वाट बघितली, की आता तुम्ही बसाल, आता कुणी तुमचा चहा आणून देईल. मूल मला झेपलं असतं. हे नसतं झेपलं. मी तुमच्यावर ढकलत नाहीये हां. माझ्यातच ते नव्हतं. अनुराग तर शेवटपर्यंत म्हणत होता, अजून विचार कर.'

वीणाला खूप काही सांगायचं होतं. पहाटे जाग येते तेव्हा पलीकडच्या खोलीत नाथ झोपेत हसत असतो ते. आई गेल्यावर तेरा दिवस येणाऱ्याजाणाऱ्यांनी समजुती घातल्या आणि त्यातल्या एकानंही नाही, पण नाथनं नुसतं मांडीवर डोकं ठेवल्यावर तिला रडू आलं होतं ते. तंबूचा तो खुंटा. पण त्यातलं काहीही असं नव्हतं की जूसवाल्याच्या बाकावर, उशीर होऊन गेल्यावर, या मुलीला सांगावं. आणि सांगितलं असतं तर ते तिच्या काळजात सुरीसारखंच गेलं असतं. रुचिताचं मनगट काडीसारखं झालं होतं. वीणानं ते हातात घेतलं.

'जेवतेस ना नीट?'

रुचितानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. तिनं डोळे पुसले. 'ताई, मी येऊ परत? शनिवारी? चैतन्यसाठी तरी. मला बरं वाटेल.'

वर्षानुवर्षं ज्या वाक्यासाठी वीणा परक्यांच्या दारात उभी राहिली होती ते वाक्य आज कुणीतरी आपणहून म्हणत होतं. चैतन्यबरोबर पळू शकणारं दुसरं माणूस अख्ख्या पथकात नव्हतं. अरोरासरांचे गुडघे गेले होते. कालच्या शनिवारी तर पाच स्काउटांना घरीच थांबायला सांगावं लागलं होतं.

'नको,' वीणा म्हणाली. 'आत्ता नको, रुचिता. तू शिक्षा भोगायला येशील. त्यांना ते कळतं. त्यांना कुणाची शिक्षा व्हायचं नाहीये गं.'

रुचिता उठली. नाथला तिनं डावा हात दिला, या वेळी आपण होऊन, आणि मेट्रोच्या बाजूच्या गर्दीत निळा कुडता दिसेनासा होईपर्यंत नाथ हात हलवत राहिला.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. शर्ट घ्यायचा राहूनच गेला होता. वीणा दाराजवळच्या खुर्चीत बसली. बसली ती बसलीच. दूध तापवायचं होतं, नाथच्या गोळ्या द्यायच्या होत्या, पुढच्या रविवारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करायचा होता. नाथ नेहमीप्रमाणे समोरच्या स्टुलावर बसून, बूट घातलेले पाय पुढं करून थांबला होता. नाड्या वीणा सोडते.

'ताई, बूट.'

'हो.'

ती उठली नाही. नाथनं थोडा वेळ वाट बघितली. मग पुढं वाकून तो तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागला.

'दुखतं?'

वीणाच्या ओठांवर ते ठरलेलं वाक्य आलं, वेळ कुठंय वगैरे, आणि तिथंच विरलं. 'हो रे, नाथा,' ती म्हणाली. 'दुखतंय.' आणि मग तिला आवरेना. आईच्या वेळेनंतर ती अशी रडली नव्हती. तोंडावर हात न ठेवता, शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू जाईल याची पर्वा न करता. नाथ घाबरला नाही. तो उठून आत गेला, खुंटीवरचा पथकाचा स्कार्फ घेऊन आला. प्रथमोपचारातलं त्याला एकच पक्कं आलेलं होतं, हात मोडला तर झोळी कशी बांधायची ते, आणि दुखणं कसलंही असलं तरी त्याच्याजवळ तेवढाच उपाय होता. त्यानं वीणाचा उजवा हात कोपरात दुमडला, छातीशी धरला, स्कार्फ खालून घेतला. मानेमागं गाठ मारताना तो तोंडानं गाठीचे शब्द पुटपुटत होता, डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर. गाठ मणक्यावर टोचत होती, हात फार वर बांधला गेला होता.

'हलवायचं नाही,' नाथ म्हणाला.

'नाही हलवत.'

मग तो परत स्टुलावर जाऊन बसला आणि त्यानं पाय पुढं केले. वीणा खाली वाकली आणि मोकळ्या राहिलेल्या डाव्या हातानं, चाचपडत, त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागली.